आबांसाठी चौकशी

३ डिसेंबर २०२४

बीपी तपासायला गेल्तो. डॉक्टर म्हणाले, "सोमेश्वरराव, गोळी चालू ठेवा, पण डोक्यात जे येतं ते रोज लिहून काढत जा. राग उतरतो." मी म्हणालो, राग उतरला तर मंग माझ्यात उरंल काय? ते हसले. मी काही विनोद केला नव्हता.

बियाण्याच्या एजंटानं दिलेली डायरी पडून होती, ती घेतली. तर लिहितो. बायकोच्या, शीतलच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं तिला बजावलंय. आणि घरात आबा आहेत, माझे वडील. ऐंशी पार, दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दोन वर्षं त्यांना उचलणं, धुणं, कुशीवर वळवणं शीतलनंच केलं. तिचा मणका त्यातच गेला, हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती. मी काय केलं? मी प्लांटवर होतो. कपाशीचं बियाणं पॅक करून राह्यलो होतो.

माणूस ठेवून बघितला. पहिला आठ दिवसांत पळाला. दुसरा आबांवर ओरडला म्हणून मीच हाकलला. तिसरा यायला तयार नाही. आबा रात्रभर हाका मारतात हे सगळ्या जालन्याला कळलंय बहुतेक.

८ डिसेंबर

आज तिघा भावंडांचा व्हिडिओ कॉल झाला. विषय, आबांना वृद्धाश्रमात ठेवायचं का. हा शब्द कुणी उच्चारला नाही. धाकटा रामप्रसाद पुण्याहून म्हणाला, "दादा, प्रोफेशनल ठिकाण बघ. नेटवर रिव्ह्यू असतात, चारच्या वर स्टार असतील तरच जा." जसा काही मी मिक्सर घ्यायला निघालोय. त्याला म्हणालो, तू घेऊन जा की पुण्याला. तर म्हणे तिसरा मजला, लिफ्ट बंद असते.

उषा जाफराबादहून रडत होती. "दादा, मी उद्याच नेलं असतं रे. पण आबा लेकीच्या घरी राहतील का?" हे मात्र खरं. उषाचं लग्न झाल्यापासून आबा तिच्या दारात जाऊन पाणी पिऊन उठायचे. जेवायला म्हणून एकदाही बसले नाहीत. लेकीच्या घरचं खाऊ नये, हे त्यांनी असं पाळलं की जावई रुसला तरी ऐकलं नाही.

सगळ्यांचं मत आलं. माणूस कुणाचा आला नाही.

शीतल आत पडून ऐकत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "मामांना विचारलं का?" ती आबांना मामा म्हणते. मी म्हणालो, त्यांना काय विचारायचं, आधी ठिकाण तर सापडू दे.

१५ डिसेंबर

ठरलं. रिव्ह्यू गेले खड्ड्यात. मी आबांच्या पद्धतीनं चौकशी करणार.

आबा टेंभुर्णीचे सोयरीक जमवणारे. जाफराबाद, भोकरदनपर्यंतचे लोक पोरगी द्यायची म्हटलं की आधी काकासाहेबांकडं, म्हणजे आबांकडं यायचे. फुकट करायचे सगळं. त्यांचे नियम मला पाठ आहेत, कारण लहानपणी मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. न सांगता जायचं. आधी पाणी मागायचं आणि घर बघायचं. त्या घरात आधी आलेली सून असेल तर तिच्या तोंडाकडं बघायचं. मंग गावात विचारायचं. आणि सगळ्यात मोठा नियम, पन्नास माणसं चांगलं बोलली आणि एक वाईट बोललं, तर त्या एकाचं ऐकायचं. सोयरिकीत कुणी उगं वाईट बोलत नसतं. मोडल्याचं पाप कोण घेणार?

मी तर बियाण्याचे नमुने काढून पोट भरणारा माणूस. पोत्यात नळी खुपसायची, मूठभर दाणे बघायचे आणि अख्ख्या लॉटची उगवण सांगायची. एक वृद्धाश्रम काय अवघड आहे?

२२ डिसेंबर

पहिलं ठिकाण अंगदराव नावाच्या रिटायर कंपाउंडरचं. न सांगता गेल्तो. बापरे. बाहेरपर्यंत गलका. दोन म्हातारे टीव्हीवरून भांडत होते, एकाला कीर्तन पाहिजे, दुसऱ्याला कुस्ती. एक म्हातारी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भाजीला नावं ठेवत होती, आणि अंगदराव बनियनवर, हातात पोछा, तिला म्हणत होता, "मावशे, तूच कर मंग उद्या!" फिनेलचा वास, त्याखाली मुताचा.

पाणी मागितलं. एका म्हाताऱ्यानं अंगदरावाला थांबवलं आणि स्वतः उठला. ख्वाजामियाँ नाव. हात असा कापत होता की अर्धा तांब्या माझ्या पँटवर. उरलेलं दिलं आणि माझ्याकडं बघत उभा राहिला, पितो का नाही ते बघायला. पाहुण्याला पाणी द्यायला नोकर नाही का इथं?

तेवढ्यात त्यांचा मुलगा आला, मुझफ्फर. एमआयडीसीत सळईच्या मिलवर आहे, ड्यूटी सुटली की डबा घेऊन येतो, दिवसाआड. म्हटलं हाच खरं सांगंल. विचारायची खोटी, सुरू झाला. "क्या बोलू भाई, भाजीत नमक जादा. गरम पाणी धड न्हाई, गिझर महिन्यापासून बंद. अब्बाचे दोन टॉवेल गायब. मी रोज भांडतो अंगदरावशी, बिलकुल सुधरत न्हाई." अंगदराव तिथंच उभा. तो म्हणाला, "अन् ह्याचा बाप रोज माझ्याशी भांडतो. दोघं मिळून माझा जीव घेतेत." आणि दोघं हसले.

मला काही हसू आलं नाही. इतका त्रास आहे तर बापाला काढून का नेत नाही? आबांचा नियम. ज्या घराबद्दल एक माणूस तोंडावर वाईट बोलतो, ते घर बाद.

२५ डिसेंबर

दुसरं ठिकाण, 'निवांत'. नाव शोभतंय. गेटवर रखवालदार, त्यानं आत फोन लावला, पाच-दहा मिनिटं बसवलं. मंग अर्पिता मॅडम आल्या. कॉलेजातल्या प्राध्यापिकेसारखं बोलणं. पाणी सीलबंद बाटलीत आलं. आत नेलं. काय सांगू, टाचणी पडली तरी ऐकू यावी. उदबत्तीचा वास. ओळीनं पलंग, पांढऱ्या चादरी, सगळ्यांचे केस विंचरलेले, एकसारखा भांग. सकाळचे अकरा वाजले होते आणि सगळे शांत झोपलेले. एक आजी जागी होती, मी नमस्कार केला, ती माझ्याकडं बघत होती की भिंतीकडं ते कळलं नाही. मॅडम म्हणाल्या, "इथं सगळे लवकर रुळतात."

माझ्या घरात अकरा वाजता आबा तिसऱ्यांदा चहा मागत असतात.

मॅडमनं दोन घरांचे नंबर दिले. म्हणाल्या, "आमच्यावर विश्वास ठेवू नका, नातेवाइकांना विचारा." मला हे आवडलं.

२९ डिसेंबर

दोन्ही फोन केले. एक मुलगा दुबईला, एक मुलगी नाशिकला. दोघंही म्हणाले, उत्तम. कसलीच तक्रार नाही. दुबईवाला म्हणाला, "आठवड्याला व्हिडिओ कॉल लावून देतात. बाबा इतके निवांत दिसतात! बघून बरं वाटतं."

तरी माझं समाधान झालं नाही. नमुना आपण स्वतः काढावा, दुसऱ्यानं हातात दिलेला घेऊ नये. म्हणून दुपारी पुन्हा जाऊन गेटबाहेर थांबलो. एक बाई पिशवी घेऊन झाडाखाली बसली होती. द्वारकाबाई, मंठ्याकडची. नवरा आत आहे, दर गुरुवार-रविवार एसटीनं येते. भेटायची वेळ व्हायची होती. मी सरळ विचारलं, मावशी, कसं आहे इथं?

तिनं आधी गेटकडं बघितलं. मंग म्हणाली, "चांगलं हाय. मानसं चांगली हायेत." पिशवी मांडीवर घेतली. मंग तिनंच विचारलं, "तुमचे वडील बोलतेत का?"

म्हटलं, थोडं. रात्री फार ओरडतात.

"मंग व्हतील गप," ती म्हणाली. "आमचे बी लई वरडायचे. आता गप असतेत."

झालं. मला हेच पाहिजे होतं. आतून बघणारी, खेड्यातली, साधी बाई, तिला खोटं बोलून काय मिळणार? रामप्रसादला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला. उषा म्हणाली, "चांगलं असंल तर ठेव. पण उद्यापरवा पौष लागतोय. पौषात माणूस घराबाहेर काढू नये." आता हे एक.

५ जानेवारी २०२५

आज आबांना सांगितलं. शीतलच्या तगाद्यानं. पलंगाशी बसून सगळं सांगितलं, कुठं गेलो, काय बघितलं, कोण काय बोललं. ते डोळे मिटून ऐकत होते, पूर्वी चौकशी ऐकताना मिटायचे तसे. दोन्ही ठिकाणं सांगून झाली तेव्हा त्यांनी एकच विचारलं. शब्द जड, पण कळला. "पाणी कुणी दिलं?"

म्हटलं, एका ठिकाणी एका म्हाताऱ्यानं अंगावर सांडलं. दुसऱ्या ठिकाणी सीलबंद बाटली.

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं. मंग तोंड भिंतीकडं केलं. नाही म्हणाले असते तर ऐकलंच असतं मी. हरकत नाही असंच समजलो.

१९ जानेवारी

पौष संपता संपेना. काल मी प्लांटवर असताना आबा पलंगावरून अर्धे खाली आले. शीतलनं उचललं. आज ती सरळ उभी राहू शकत नाही. मी घरी येऊन तिच्यावर ओरडलो, शेजाऱ्यांना बोलवायचं ना! ती म्हणाली, "ते लाजेनं मरून चालले होते हो. शेजाऱ्यांना कुठं बोलवू?" मंग आबांवर ओरडलो. मंग प्लांटवर फोन करून तिथल्या माणसांवर ओरडलो. डॉक्टरनं सांगितलेलं लिहिणं चालू आहे, राग कुठं उतरतोय ते मला तरी दिसत नाही.

२ फेब्रुवारी

आबांना सोडून आलो.

शीतलनं सकाळी धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली, तळहातावर दही दिलं. आबांनी डाव्या हातानं चाटलं. ती गाडीपर्यंत आली नाही. वाटेत आबा काचेतून बाहेर बघत होते. मी म्हणालो, आबा, थोडे दिवस, हिची पाठ बरी होईस्तोवर. त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलत होतो की खरं, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "पंधरा-वीस दिवस येऊ नका. मन लागू द्या." नव्या नवरीच्या माहेरी पण असंच सांगतात. निघताना आबांनी माझं बोट धरलं होतं. नर्सनं सोडवलं, तिला चांगली सवय असावी, पटकन सुटलं.

घरी आलो तर शीतल त्यांचा पलंग पुसून काढत होती, वाकून.

२३ फेब्रुवारी

आज भेटलो. मॅडमचं कौतुक केलं पाहिजे. ओरडणं बंद! एकदम बंद. मी गेलो तेव्हा झोपलेले होते, केस विंचरलेले. हाक मारली, डोळे उघडले, ओळखलं बहुतेक. तोंड कोरडं होतं म्हणून पाणी पाजलं, ते कोपऱ्यातून ओघळलं. मी तासभर बसलो, ते परत झोपले. इतकी शांत झोप त्यांना दोन वर्षांत लागली नव्हती. गोळी बदलली आहे म्हणे, थोडी सौम्य.

मॅडमनं त्यांच्या ग्रुपवर चार ओळी लिहायला सांगितल्या. लिहिल्या. "घरच्यासारखी काळजी. आम्ही पूर्ण समाधानी आहोत. सोमेश्वर व परिवार." शीतलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परिवार कशाला लिहिलं? मी अजून बघितलं कुठं?" प्रवास झेपत नाही तिला, आणि वर हे बोलणं.

१२ मार्च

एका बाईचा फोन आला, जाफराबादकडची. मॅडमनं नंबर दिला म्हणे. तिच्या आईला ठेवायचंय, माझा अनुभव विचारत होती. आवाज घाबरलेला. मी चांगली पाच मिनिटं बोललो. कसं शोधलं, कशी चौकशी केली, आबा कसे शांत झाले, सगळं. शेवटी ती रडायलाच लागली, म्हणाली, "दादा, तुम्ही छातीवरचा दगड काढला." मला बरं वाटलं. आबांचा धंदा आपल्यालाही जमतो की.

६ एप्रिल

मध्ये दोनदा जाऊन आलो. सीझन आहे, तिन्ही पाळ्या चालू, वेळ मिळत नाही. आबा बारीक झालेत. मॅडम म्हणाल्या, उन्हाळ्यात भूक कमी होतेच. पाठीला थोडी जखम आहे, ती पण उन्हाळ्यात होते म्हणे. मी म्हणालो, घरी नव्हती कधी. त्या म्हणाल्या, "घरी किती माणसं होती बघायला?" एक होतं, आणि ते आता उभं राहू शकत नाही, हे मी बोललो नाही. पंख्याखाली त्यांचा पलंग घ्यायला सांगितला.

शीतल म्हणते, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरी आणा. पितरांची घागर भरायची तर घरचा मोठा पाहिजे. मॅडम आधी नको म्हणाल्या, मंग दोन दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून देते म्हणाल्या.

३० एप्रिल, आखाजी

काल संध्याकाळी आबांना आणलं. रामप्रसाद आला, उषा आली. घर भरल्यासारखं वाटलं.

रात्री गोळी द्यायची होती. शीतलनं पुडी कुठं ठेवली, तिला आठवेना. मी ओरडलो. ती म्हणाली, "एक रात्र ओरडू द्या. मला ऐकायचंय." पहाटे आबा खरंच ओरडले. शीतल, शीतल, अशी हाक. मी उठलो तर ती त्यांच्याजवळ बसून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं.

सकाळी मी आणि रामप्रसादनं धरून अंघोळ घातली. पाठीची जखम थोडी नाही. माझी अख्खी मूठ मावेल. मनगटांवर काळे पट्टे. रामप्रसाद म्हणाला, "हे काय?" मी म्हणालो, पडू नये म्हणून बांधत असतील, सगळीकडं बांधतात. मी हे इतक्या लवकर कसं बोललो, देव जाणे. उषानं पदर तोंडात धरला.

मंग आबांनी बसून, डाव्या हातानं, घागरीला दोरा गुंडाळला, बाकीचा मी गुंडाळला. आजोबा-पणजोबांच्या नावानं पाणी सोडलं. आणि जेवले. असे जेवले की आम्ही बघत बसलो. पुरणपोळी, आमरस, पुन्हा आमरस, ताट बोटानं पुसून खाल्लं. दुपारपर्यंत त्यांचं बोलणं मोकळं झालं. उषाच्या पोरांची नावं घेतली. रामप्रसादला म्हणाले, "टक्कल पडलं तुला." सगळे हसलो. मला वाटलं, तीन महिन्यांपूर्वीचे आबा आले. मंग ते तिकडं कुठं गेले होते?

रामप्रसादनंच विचारलं, सगळ्यांसमोर. "आबा, खरं सांगा. तिथं कसं हाय? त्रास असंल तर आत्ता सांगा."

आबांनी सगळ्यांकडं बघितलं. माझ्याकडं. मंग शीतलकडं, ती पाठीला पट्टा बांधून भिंतीला धरून उभी होती. तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "मानसं चांगली हायेत."

रामप्रसादनं सुटकेचा श्वास सोडला. मी पण सोडला, इथं लिहितो. शीतल आत निघून गेली.

१ मे

सकाळी उठलो तर आबा तयार. शीतलकडून टोपी घालून घेतलेली, पिशवी मांडीवर. म्हणाले, "चल, ऊन व्हायच्या आत." मी म्हणालो, आबा, दोन दिवस राहा की. म्हणाले, "कशाला. हिला तरास." आणि दरवाजाकडं बघत बसले.

सोडून आलो. गेटवर मॅडमला मी जखमेचं विचारलं. त्या म्हणाल्या, घरी नेल्यानं चिघळली. त्यांच्यापुढं माझं तोंड उघडलं नाही. मी, जो सगळ्या प्लांटवर ओरडतो.

२ मे

रात्रभर झोप नाही. सकाळी शीतलला म्हणालो, ते एक शब्द, एक शब्द वाईट बोलले असते तर मी नेलं नसतं. आपल्या पोरांपुढं काय भीती होती त्यांना? का नाही सांगितलं?

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी पण माझ्या बापाला हेच सांगत होते."

म्हटलं, काय?

"लग्नानंतर. तुम्ही शिकायला परभणीला होता, मी टेंभुर्णीत तुमच्या आईच्या हाताखाली. बाप भेटायला यायचा, ओसरीवर बसून विचारायचा, कसं हाय पोरी? मी म्हणायची, चांगलं हाय, माणसं चांगली हायेत. सहा वर्षं म्हटलं."

मी म्हणालो, तुला काय त्रास होता तिथं? तू मला कधी सांगितलं नाहीस.

"घरी धाकट्या दोघी उजवायच्या होत्या. तो मला परत नेऊ शकत नव्हता, मला माहीत होतं. नेऊ शकत नाही त्याला सांगून काय करायचं? नुसता जीव जळतो त्याचा." मंग म्हणाली, "मामांना कळत होतं तेव्हा. मला विचारायचे न्हाईत ते कधी. विहिरीवर मी रडत असले की तिकडं फिरकायचे न्हाईत, दुसऱ्या कुणाला फिरकू द्यायचे न्हाईत."

मी तिच्यासमोर बसलो होतो. पन्नास चौकशा बघितलेला माणूस मी. एकाही पोरीनं कधी वाईट सांगितल्याचं मला आठवेना.

४ मे

अंगदरावला फोन लावला. त्यानं ओळखलं, "पँट भिजली होती ते का?" म्हटलं, हो. जागा आहे का? म्हणाला, "न्हाई ओ साहेब. डिसेंबरात दोन पलंग होते. आता फुल." कधी होईल? "ते काय आपल्या हातात हाय का? कुणी गेलं तर कळवतो."

दुसरीकडं दोन ठिकाणी विचारलं. एक पडून असलेला पेशंट घेत नाही. एकाला मी न सांगता येऊ का म्हणालो तर त्यानं फोन ठेवला. घरी आणायला माणूस शोधतोय. शीतल म्हणते, आणा, मी करते. तिला पुन्हा डावा पाय बधिर व्हायला लागलाय, तिनं सांगितलं नव्हतं, मी तिला जिन्यात पाय ओढताना बघितलं. उषाला फोन केला, तुझ्याकडं ने म्हणालो, रीत गेली चुलीत. ती रडली, सासूबाईंना विचारते म्हणाली. अजून विचारून राह्यली.

९ मे

शीतल म्हणाली, "त्या जाफराबादच्या बाईला फोन करा. आईला ठेवू नका म्हणा."

नंबर सापडला. लावला नाही. तिनं ठेवली असंल तर काय सांगू? आणि ती म्हणाली, तुमचे वडील कुठं आहेत आता, तर काय सांगू? माझा बाप अजून तिथंच आहे. संध्याकाळी शीतलनं विचारलं, केला का? मी म्हणालो, लागला नाही.

आज निवांतला गेल्तो. आबा झोपलेले. केस विंचरलेले. मी कानाशी जाऊन म्हणालो, आबा, दुसरं ठिकाण बघतोय, धीर धरा. डोळे उघडले नाहीत. मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "काही तक्रार आहे का सर?" मी म्हणालो, नाही. बाप त्यांच्या हातात ठेवून कुठं जाऊन तक्रार करू? दारात उभ्या त्या सासूपुढं मी पण पोरगीच झालो की आता.

१७ मे

हे लिहायचं नव्हतं. पण डॉक्टर म्हणाले होते सगळं लिहा.

दुपारी प्लांटवर होतो. फोन वाजला. मुझफ्फर, असं नाव आलं. डिसेंबरात घेऊन ठेवलेला नंबर, त्यानंतर त्याचा कधी फोन नाही. नाव बघितलं आणि माझ्या छातीत आनंद झाला. आधी आनंद झाला. ख्वाजामियाँ गेले, पलंग रिकामा झाला, हे मनात येऊन गेलं आणि मंग कळलं की मी कशाला खूश झालो. फोन जरा वेळ तसाच वाजू दिला, मंग उचलला.

तो म्हणाला, "भाई, अंगदराव बोलला तुम्ही जागा बघून राह्यले. अब्बा रोज विचारतेत, वो पानी सांडलेले साहेब आपल्या वडलांना कधी आणतेत? अब्बाला वाटतं ते सांडलं म्हणून तुम्ही नाराज झाले."

मी विचारलं, तब्येत कशी आहे त्यांची?

"अल्ला का शुकर, एकदम बराबर," मुझफ्फर म्हणाला. "अजून भांडतेत."

मी म्हणालो, बरं झालं. आणि वाट बघत राहिलो, हा माणूस फोन कधी ठेवतो याची.